१४४०पी घ्यायचा की ४के? आधी जुन्याच मॉनिटरवर भार मोजा

२४ इंची १०८०पी मॉनिटर काढून त्या जागी २७ इंची १४४०पी ठेवला की पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी जाणवतात: चित्र सुरेख झालंय आणि गेम जड झालाय. कार्ड तेच, प्रोसेसर तोच, सेटिंगही तेच, तरी काल ९० एफपीएस (सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे चित्रं) देणारा गेम आज साठच्या आसपास घुटमळतो. यात बिघाड काहीच नाही. मॉनिटर स्वतः फ्रेम बनवत नाही. तो फक्त पिक्सेल मागतो, आणि ते रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाच्या अंगावर येतं. ही मागणी किती वाढणार आणि आपल्या कार्डाला ती झेपणार का, हे पैसे मोजण्याआधी घरबसल्या, सध्याच्या मॉनिटरवरच कळू शकतं. बहुतेक जण ही अर्ध्या तासाची चाचणी करत नाहीत आणि मग मॉनिटरपाठोपाठ कार्डाचा खर्चही गळ्यात पडतो. ही चाचणी कशी करायची ते खाली सविस्तर दिलं आहे. आधी थोडा हिशेब समजून घेऊ.

पिक्सेल किती वाढतात, एफपीएस किती पडतात

१९२० × १०८० (१०८०पी) म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. २५६० × १४४० (१४४०पी) चे होतात ३६,८६,४००, म्हणजे १.७८ पट. ३८४० × २१६० (४के) चे ८२,९४,४००, बरोबर चौपट. ३४४० × १४४० चा अल्ट्रावाइड या दोघांच्या मध्ये, ४९,५३,६०० वर बसतो. १०८० आणि १४४० हे आकडे शेजारी ठेवले की फरक तिसऱ्या हिश्श्याचाच वाटतो, पण रुंदीही त्याच प्रमाणात वाढते आणि दोन्हींचा गुणाकार होतो. फसगत इथेच होते.

मग जुने एफपीएस थेट १.७८ ने भागायचे का? तसंही नाही. समजा १०८०पीला गेम ९० एफपीएस देतो, म्हणजे एक फ्रेम ११.१ मिलिसेकंदांत तयार होते. या वेळात सगळंच काम पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून नसतं. पात्रांची, इमारतींची भूमिती मांडणं, सावल्यांचे नकाशे बनवणं, रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबं रंगवण्यासाठी) दृश्याची रचना अद्ययावत करणं ही कामं स्क्रीन लहान असो वा मोठी, जवळपास तेवढाच वेळ घेतात. प्रत्येक पिक्सेलवर प्रकाशाचा हिशेब, धुकं, ढग, प्रतिबिंबं हे मात्र पिक्सेलबरोबर वाढत जातं. म्हणून कार्ड पूर्ण ताकदीने चालत असेल तर १०८०पीवरून १४४०पीला गेल्यावर सहसा ६५ ते ७५ टक्के एफपीएस उरतात आणि ४केला ३५ ते ४५ टक्के. ९० चे १४४०पीवर ६० ते ६५, ४केवर ३२ ते ४०. गेमगणिक थोडंफार इकडेतिकडे होईल, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं.

काही कार्डं मात्र या पट्ट्याच्याही खाली घसरतात, आणि त्यामागे कारण आहे. आरएक्स ६६०० ची मेमरी बस (मेमरीकडे जायचा रस्ता) १२८ बिटची असून वेग २२४ जीबी प्रतिसेकंद आहे. ही कसर कार्डावरची ३२ एमबीची कॅशे (हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी) भरून काढते. १०८०पीला लागणारा बराचसा डेटा त्या कॅशेत सापडतो, म्हणून कार्ड चपळ वाटतं. रिझोल्यूशन वाढलं की कॅशे अपुरी पडते, पुन्हा पुन्हा मेमरीकडे जावं लागतं आणि अरुंद बस आडवी येते. आरटीएक्स ४०६० चीही गत साधारण अशीच: १२८ बिट, २७२ जीबी प्रतिसेकंद. जुनं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) इतर बाबतीत मागे असलं तरी तिथे बस १९२ बिटची आणि वेग ३६० जीबी आहे. १०८०पीचे बेंचमार्क (वेग मोजायच्या चाचण्या) पाहून १४४०पीसाठी कार्ड निवडू नये, ते याचसाठी.

अडतंय कुठे: कार्डापाशी की प्रोसेसरपाशी?

एका मित्राचे एफपीएस मॉनिटर बदलल्यावर तिसऱ्या हिश्श्याने पडतात, दुसऱ्याचे अजिबात हलत नाहीत. दोघंही खरंच सांगत असतात. दुसऱ्याच्या संगणकात प्रोसेसर आधीच मागे पडत होता आणि कार्ड त्याची वाट पाहत बसलं होतं. रिझोल्यूशन वाढल्यावर त्या रिकाम्या कार्डाला फक्त काम मिळालं. प्रोसेसरला पिक्सेलशी देणंघेणं नसतं. तो शत्रूंच्या हालचाली, भौतिकी आणि कार्डाला द्यायच्या सूचना तयार करतो, आणि त्या १०८०पी असो वा ४के, सारख्याच असतात.

आपलं काय आहे ते पाहायला एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर लावा. आफ्टरबर्नरच्या सेटिंगमध्ये मॉनिटरिंग हा विभाग उघडून जीपीयू युसेज (ग्राफिक्स कार्डाचा वापर), जीपीयू पॉवर, मेमरी युसेज, प्रत्येक सीपीयू कोअरचा वापर, फ्रेमरेट आणि फ्रेमटाइम यांना ऑन-स्क्रीन डिस्प्लेची टिक द्या. फ्रेमटाइमसाठी आकड्याऐवजी ग्राफ निवडा. एव्हढं काही नको असेल तर एनव्हिडियाच्या अ‍ॅपमध्ये ऑल्ट आणि आर, आणि एएमडीच्या अ‍ॅड्रेनालिनमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबूनही आकडे दिसतात.

गेम चालू असताना जीपीयू युसेज ९७ ते ९९ टक्के असेल तर अडसर कार्डापाशी आहे, आणि रिझोल्यूशन वाढवल्यावर एफपीएस नक्की पडतील. ६० ते ७० टक्क्यांत रेंगाळत असेल, आणि एफपीएसवर कुठली मर्यादा घातलेली नसेल, तर अडसर प्रोसेसरपाशी. सीपीयूचा एकूण वापर ४० टक्के दिसतोय म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. गेमचा मुख्य धागा एकाच कोअरवर चालतो. बारापैकी एक कोअर तुडुंब भरला तरी एकूण आकडा लहानच दिसतो. व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) सारख्या गेमांत बऱ्यापैकी कार्ड असेल तर बहुधा हेच चित्र असतं, म्हणून तिथे १४४०पीचा फटका कमी बसतो.

जुन्या मॉनिटरवर नव्याची चाचणी

एनव्हिडियाच्या कार्डावर डीएसआर आणि एएमडीच्या कार्डावर व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन नावाची सोय असते. कार्ड मोठ्या रिझोल्यूशनला फ्रेम रंगवतं आणि मग ती आक्रसून तुमच्या १०८०पी मॉनिटरवर दाखवतं. म्हणजे रंगवण्याचा पूर्ण भार खराखुरा, फक्त दिसायला १०८०पी. आपल्याला हवं ते नेमकं हेच.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, ग्लोबल सेटिंग्ज, आणि त्यात डीएसआर फॅक्टर्स. १४४०पीसाठी लेगसी स्केलिंगखालचा १.७८एक्स निवडा, ४केसाठी ४.००एक्स. वर डीएल स्केलिंग असाही गट दिसेल, तो या कामासाठी नको. अल्ट्रावाइड घ्यायचा विचार असेल तर त्याचं नेमकं प्रमाण इथे मिळत नाही, पण २.२५एक्स म्हणजे २८८० × १६२०, ४६,६५,६०० पिक्सेल. अल्ट्रावाइडपेक्षा सहा टक्के कमी. आलेल्या एफपीएसमधून तेवढे वजा करा. बाजूंना जास्त दृश्य दिसत असल्याने अल्ट्रावाइडवर प्रोसेसरचं कामही थोडं वाढतं, तेही ध्यानात ठेवा. एएमडीवाल्यांनी अ‍ॅड्रेनालिनच्या डिस्प्ले विभागात व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन चालू करायचं, बस्स.

आता गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशनच्या यादीत २५६० × १४४० दिसायला हवं. नसेल तर गेम बॉर्डरलेस मोडमध्ये आहे. एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीन निवडा, किंवा आधी विंडोजचंच रिझोल्यूशन १४४०पी करून मग गेम उघडा. अक्षरं तात्पुरती बारीक आणि पुसट दिसतील, घाबरू नका. कार्डात ही सोयच नसेल तर गेममधला रेंडर स्केल किंवा रिझोल्यूशन स्केल वापरा: १०८०पीवर १३३ टक्के म्हणजे १४४०पी, २०० टक्के म्हणजे ४के.

चाचणीआधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय), एफपीएसची मर्यादा, डायनॅमिक रिझोल्यूशन, डीएलएसएस आणि एफएसआर (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करणाऱ्या, म्हणजे अपस्केलिंगच्या सोयी) सगळं बंद. यातलं एक जरी चालू राहिलं तरी आकडे खोटे येतात, आणि डायनॅमिक रिझोल्यूशन तर अगदी गुपचूप पिक्सेल कमी करतं. सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५, रेड डेड रिडेम्प्शन २, शॅडो ऑफ द टूम रेडर यांत बेंचमार्क आयता मिळतो. तो नसेल तिथे एकच सेव्ह उघडून, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने ६० सेकंद जा. गर्दीचा भाग निवडा. मोकळ्या मैदानातले एफपीएस काही सिद्ध करत नाहीत. तीनदा चालवा आणि पहिली फेरी मोजू नका, कारण तिच्यात शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात.

मग उलटी चाचणी करा. रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणा, बाकी सेटिंग तेच. आता कार्डावर भार नगण्य आहे, म्हणून जे एफपीएस येतील ते तुमच्या प्रोसेसरचं छत. दोन आकडे कागदावर शेजारी लिहा. ७२०पीला ११० आणि १४४०पीला ६८ आले असतील तर नव्या मॉनिटरवर ६८ च्या आसपास खेळाल, आणि पुढे कितीही दणकट कार्ड लावलं तरी त्या गेममध्ये ११० च्या वर जाणार नाही. २४० हर्ट्झच्या (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरला जादा पैसे मोजावेत का, याचं उत्तरही त्याच कागदावर आहे. डीएसआरला चित्र आक्रसण्याचा किरकोळ खर्च लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष मॉनिटरवर आकडा तेवढाच किंवा एखाद-दोन टक्के जास्तच येतो.

सरासरीवर समाधान मानू नका. १ टक्का लो (सर्वांत हळू एक टक्का फ्रेमांचे एफपीएस) हा आकडाही टिपा, आणि रिव्हाट्यूनरची फ्रेमटाइमची रेघ डोळ्यांनी पाहा. १५-१६ मिलिसेकंदांवर रेघ सपाट चालली असेल तर ६५ एफपीएस लोण्यासारखे वाटतात. तीच रेघ दर दोन-तीन सेकंदांनी काट्यासारखी ६०-७० मिलिसेकंदांपर्यंत उसळत असेल तर सरासरी ८० दिसली तरी गाडी वळवताना हाताला झटका जाणवेल. असे काटे १०८०पीला नव्हते आणि १४४०पीला आले, तर पहिला संशय व्हीरॅमवर (कार्डावरच्या मेमरीवर) घ्या.

व्हीरॅम भरला की काय होतं

४केची एक पूर्ण फ्रेम पिक्सेलमागे चार बाइट धरले तर जेमतेम ३३ एमबीची असते. ८ जीबीपुढे ती किस झाड की पत्ती. पण गेम एकच चित्र ठेवत नाही. खोली, रंग, पृष्ठभागाची दिशा, हालचाल, मागच्या फ्रेमांचा इतिहास, रे ट्रेसिंगचे थर असे स्क्रीनच्या आकाराचे कितीतरी थर एकाच वेळी मेमरीत असतात, आणि ते सगळे एकदम मोठे होतात. १०८०पीवरून ४केला जाताना गेमनुसार काहीशे एमबीपासून दीड-दोन जीबीपर्यंत वाढ होते. टेक्स्चरचा (पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांचा) आकार मात्र रिझोल्यूशनवर ठरत नाही, तो टेक्स्चर क्वालिटीवर ठरतो. नव्या मॉनिटरच्या उत्साहात लोक तेही अल्ट्रा करतात आणि ८ जीबीचं कार्ड तुंबतं.

व्हीरॅम संपला की उरलेला डेटा संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय एक्स्प्रेसमधून ये-जा करतो. आरटीएक्स ४०६० स्वतःच्या मेमरीशी २७२ जीबी प्रतिसेकंद वेगाने बोलतं. पण ते पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या आठच लेन वापरतं, म्हणजे साधारण १६ जीबी. बोर्ड बी४५० सारखा ३.० चा असेल तर फक्त ८. हमरस्त्यावरून एकदम पायवाटेवर यावं तसं होतं. अशा वेळी सावल्या, प्रतिबिंबं कमी करून काही साधत नाही. टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणा, गेम पुन्हा सुरू करा, काटे गेलेले दिसतील. ब्राउझर आणि डिस्कॉर्डही व्हीरॅम खातात, तेही बंद करून पाहा.

किती इंचाला कुठलं रिझोल्यूशन

२४ इंचावर १०८०पी म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल. २७ इंचावर तेच १०८०पी ८२ पर्यंत घसरतं आणि हात-सव्वा हातावरून दाणे दिसतात. २७ इंचावर १४४०पी १०९ देतं, ३४ इंची अल्ट्रावाइडही तेवढेच. ३२ इंचावर १४४०पी घेतलं तर आकडा पुन्हा ९२ वर येतो: स्क्रीन मोठी, भार जास्त, बारकावा मात्र जुन्या २४ इंचाइतकाच. म्हणून ३२ इंच हवाच असेल तर ४के (१३८) घ्यावा, नाहीतर २७ इंचावर थांबावं. २७ इंची ४के १६३ पर्यंत जातो. वाचायला, फोटोंना अप्रतिम, पण गेममध्ये १४४०पीपेक्षा सव्वादोन पट पिक्सेलचा भार घेऊन जो फरक मिळतो तो टेबलावरच्या अंतरावरून तितका मोठा वाटत नाही. विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवल्याने गेमच्या एफपीएसवर काही परिणाम होत नाही.

आमचं स्पष्ट मत सांगायचं तर, मधल्या पट्टीच्या कार्डासाठी २७ इंची १४४०पी हीच योग्य पायरी. लांबच्या विजेच्या तारा, जाळीचं कुंपण, झाडांच्या शेंड्यांची पानं हे १०८०पीवर तुटक ठिपक्यांसारखं लुकलुकतं. १४४०पीवर तारेची रेघ अखंड दिसायला लागते, आणि ही सुधारणा प्रत्येक गेममध्ये, प्रत्येक क्षणी मिळते. ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० वर नवे मोठे गेम १४४०पीला खेळण्याची आशा ठेवू नये. आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० आणि ४०६० ला मध्यम-उच्च सेटिंग आणि अपस्केलिंगसह १४४०पी जमतं. आरटीएक्स ४०७० पासून पुढे आरामात. ४के आणि उच्च सेटिंग यांचा संसार सुखाने चालायला आरटीएक्स ४०८० किंवा आरएक्स ७९०० एक्सटी च्या तोडीचं कार्ड हवं.

केबल, पोर्ट आणि पहिल्या दिवशीची सेटिंग

जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल तशीच नव्याला लावणं ही सर्वांत नेहमीची चूक. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं. २.० वर ४के ६० आणि १४४०पी १४४. ४के १२० साठी २.१ हवं, आणि ते एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून, एएमडीच्या आरएक्स ६००० पासून मिळतं. डब्यावर नुसतं "एचडीएमआय २.१" लिहिलंय यावर विसंबू नका; नियमांत सूट असल्याने २.० च्याच वेगाचे पोर्टही त्या नावाने विकले जातात. माहितीपत्रकात ४के १२० किंवा १४४ हर्ट्झ असं पोर्टनिहाय लिहिलंय का ते पाहा. गेमिंगसाठी सरळ डिस्प्लेपोर्ट वापरा: १.२ वर १४४०पी १६५ हर्ट्झपर्यंत, १.४ वर ४के १२० आणि डीएससी (चित्राचा डेटा दाबून पाठवायची सोय) असेल तर १४४.

केबलचं दुसरं टोक ग्राफिक्स कार्डातच घाला. मदरबोर्डावर यूएसबीच्या शेजारी असलेल्या पोर्टात गेली तर चित्र येतं, पण ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरून.

जोडणी झाली की या क्रमाने जा:

१. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. रिझोल्यूशन "रेकमेंडेड" लिहिलेलं निवडा.
२. त्याच पानावर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट वाढवा. नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० वरच सुरू होतो, आणि १६५ हर्ट्झचे पैसे देऊन महिनोन्‌महिने ६० वर खेळणारे पुष्कळ आहेत.
३. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक किंवा अ‍ॅडाप्टिव्ह सिंक चालू करा, मग ड्रायव्हरमध्ये जी-सिंक किंवा फ्रीसिंक.
४. एफपीएसला रिफ्रेश रेटच्या किंचित खाली मर्यादा घाला. १४४ साठी १३८, १६५ साठी १५७ हे आकडे सोयीचे.
५. प्रत्येक गेममध्ये जाऊन रिझोल्यूशन बदला. गेम जुनं १०८०पी लक्षात ठेवून बसलेले असतात.

तिसऱ्या पायरीचं महत्त्व १०८०पीला जाणवलं नसेल, पण आता जाणवेल. एफपीएस ५५ ते ८० च्या दरम्यान हेलकावत असतील तर अ‍ॅडाप्टिव्ह सिंक मॉनिटरलाच त्या तालावर चालवतं, चित्र फाटत नाही, अडखळत नाही. बहुतेक मॉनिटरवर हा पट्टा ४८ हर्ट्झपासून सुरू होतो. म्हणून किमान एफपीएस ४८ च्या वर राहतील अशी सेटिंग ठेवण्याचा प्रयत्न करावा.

पडलेले एफपीएस परत कसे आणायचे

पहिला मोह होतो गेमचं रिझोल्यूशन १०८०पी करण्याचा. १४४०पी मॉनिटरवर हे करू नका. १०८० चे १४४० करताना प्रत्येक पिक्सेलला १.३३ पिक्सेलची जागा मिळते, ती पूर्णांकात बसत नाही, म्हणून कडा सारवल्यासारख्या दिसतात, अगदी जुन्या २४ इंची मॉनिटरपेक्षाही वाईट. ४केवर १०८०पी बरोबर दुप्पट बसतं. तिथे ड्रायव्हरमध्ये इंटिजर स्केलिंग लावलं तर चित्र निदान स्वच्छ राहतं.

योग्य वाट म्हणजे गेमचं रिझोल्यूशन मॉनिटरचंच ठेवून आतलं रेंडरिंग कमी करणं, म्हणजेच डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस. डीएलएसएस आणि एफएसआर २ यांच्या क्वालिटी मोडमध्ये प्रत्येक बाजू दीडने भागली जाते: १४४०पीसाठी आत ९६०पी, ४केसाठी आत १४४०पी. परफॉर्मन्स मोडमध्ये बाजू निम्मी, म्हणजे ४केसाठी १०८०पी. १४४०पी क्वालिटीत कार्ड सुमारे १६ लाख पिक्सेल रंगवतं, जुन्या १०८०पीपेक्षाही कमी, तरीही नव्या मॉनिटरवर चित्र जुन्यापेक्षा बरं दिसतं, कारण मागच्या फ्रेमांतली माहिती जोडली जाते आणि मजकूर, नकाशा, आरोग्यपट्टी पूर्ण १४४०पीत येतात. १४४०पीला क्वालिटीच्या खाली उतरू नये. आतला आकार ७२०पीकडे गेला की केस आणि गवत मातीसारखं होतं. ४केला परफॉर्मन्सही खपून जातो.

पण हे फुकट नाही. अपस्केलिंगला दर फ्रेमला कार्डाच्या ताकदीनुसार साधारण एक ते तीन मिलिसेकंद लागतात. १०८०पीला ६० एफपीएस म्हणजे १६.७ मिलिसेकंद, ४के परफॉर्मन्समध्ये त्यात दोन मिळवले तर १८.७, म्हणजे ५३ एफपीएस. "आत १०८०पीच आहे, मग तेवढेच एफपीएस मिळतील" हा हिशेब त्यामुळे चुकतो. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमांच्या मध्ये अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घालणं) मूळ एफपीएस ६० च्या आसपास असतील तरच लावा. ३० चे ६० केले तर आकडा दिसतो, माउसला मात्र ३० चाच, किंबहुना त्याहून वाईट विलंब राहतो.

अपस्केलिंगनंतरही कमी पडत असेल तर पिक्सेलवर चालणाऱ्या सेटिंगना हात घाला: आधी रे ट्रेसिंग, मग व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि ढग, मग स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन, मग अ‍ॅम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्याकपारीतल्या मंद सावल्या). जुन्या गेमांत ४एक्स एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) असेल तर २एक्स करा. १०९ पिक्सेल घनतेवर फरक शोधावा लागतो. व्ह्यू डिस्टन्स आणि गर्दीची घनता कमी करून इथे फायदा नाही, ते प्रोसेसरचं काम आहे.

लॅपटॉप

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडताना पोर्ट कुठल्या ग्राफिक्सला जोडलेला आहे ते महत्त्वाचं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स या पानावर कुठला डिस्प्ले कोणाच्या तारेवर आहे ते चित्रातून दिसतं. पोर्ट प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर असेल तर प्रत्येक फ्रेम कार्डाकडून तिथे नक्कल होऊन जाते आणि १४४०पीला ती वाहतूक जास्तच जड पडते. दुसरा पोर्ट, बहुतेकदा यूएसबी-सी, वापरून पाहा, किंवा मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायची ते ठरवणारा) असेल तर तो कार्डाकडे वळवा. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालत असेल तर वर सांगितलेला डीएसआरचा पर्याय दिसणारच नाही. मग रेंडर स्केलने चाचणी करा. खेळताना विंडोज आणि पी दाबून फक्त दुसरी स्क्रीन निवडलेली बरी.

यूपीएस आणि उन्हाळा

६० हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरवर व्ही-सिंक लावून खेळताना २०० वॉटचं कार्ड कदाचित ११०-१२० वॉटवर निवांत चालत असेल. १४४०पी १६५ हर्ट्झवर तेच कार्ड पूर्ण २०० खेचतं. त्यात प्रोसेसरचे ७०, बोर्ड-पंखे-एसएसडीचे ४०-५०, मॉनिटरचे ३५-४० आणि एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) दहा-पंधरा टक्के गळती धरली की आकडा ३९० च्या घरात जातो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा. वीज असताना तो कुरकुरतो, गेली की ओव्हरलोडने तत्काळ बंद पडतो आणि संगणक तसाच विझतो. उपाय दोन: १००० व्हीएचा यूपीएस, किंवा आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के. दुसऱ्यात सहसा पाच-सात टक्केच एफपीएस जातात आणि ४० वॉट वाचतात.

नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये जिथे बाहेर ४५ अंश असतं, तिथे हीच ८० टक्क्यांची युक्ती उन्हाळ्यालाही लागू पडते. कार्ड ८३ अंशांच्या आसपास गेलं की आपला क्लॉकचा वेग उतरवायला लागतं, आणि पहिल्या पाच मिनिटांतले ७० एफपीएस अर्ध्या तासाने ६४ होतात. म्हणून खरेदीआधीची चाचणीही थंड संगणकावर उरकू नका. वीस मिनिटं खेळून कार्ड तापू द्या, मग आकडे लिहा.

जुना मॉनिटर दुसरी स्क्रीन म्हणून ठेवायला हरकत नाही. फक्त दोन वेगळ्या रिफ्रेश रेटच्या मॉनिटरमुळे काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगाने चालत राहते. डेस्कटॉपवर काही न करता जीपीयू पॉवर ३०-४० वॉट दिसत असेल तर नवा मॉनिटर १६५ ऐवजी १२० हर्ट्झवर ठेवून आकडा उतरतो का ते पाहा.